दुसऱ्या रिमोटचं रबर

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराच्या माळ्यावर पत्रा आहे. मे महिन्यात दुपारी तिथे हात घातला तर पितळेची भांडीसुद्धा चटका देतात. तरी दर उन्हाळ्यात आई माळा आवरायला काढतेच. यंदा भांड्यांच्या मागून एक खोका निघाला आणि खोक्यात आमचा जुना व्हिडिओ गेम. आई म्हणाली, "भंगारवाला आत्ताच गल्लीतून गेला, हाक मार." भाचा म्हणाला, "मामा, चालू कर ना." मी भाच्याचं ऐकलं.

याला कन्सोल म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्यासाठी तो व्हिडिओ गेम, त्यात घालायची ती कॅसेट आणि हातात धरायचा तो रिमोट. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र विकायला काढलं. त्याच्या नकला पुढे नव्वदीच्या दशकात आपल्याकडे घरोघरी पोचल्या. आमचा त्यातलाच, त्याच्यावर बनवणाऱ्याचं नावसुद्धा नाही. त्यामुळे दुरुस्तीला न्यायचा कुठे हा प्रश्नच नव्हता. जे करायचं ते जेवणाच्या टेबलावर.

दुरुस्तीत माझी एकच शिस्त आहे. बाहेरून आत यायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बटण दाबलं तर लाल दिवा लागत नव्हता. म्हणून पेचकस बाजूला ठेवून आधी मल्टिमीटर घेतला आणि अडॅप्टरची पिन तपासली. शून्य. वायर पिनेजवळ जराशी वाकवली की आकडा उमटायचा, सोडली की जायचा. म्हणजे वरून धड दिसणारी वायर आतून तुटली होती, तीही नेमकी पिनेच्या मानेशी. तिथेच का, ते मला ठाऊक होतं. खेळ संपला की वायर अडॅप्टरभोवती करकचून गुंडाळून ठेवायची हा घरातला नियम होता आणि तो पाळणारा मीच.

वायर कापण्याआधी एक गोष्ट लिहून ठेवली. मीटरची लाल टोच पिनेच्या मधल्या भोकात धरली, तेव्हा आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह येत होतं. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरांत मध्ये अधिक असतं. मूळ फॅमिकॉमच्या अडॅप्टरात मात्र मध्ये वजा, आणि आमच्या नकलेतही तेच. घरात पडलेला दुसरा एखादा अडॅप्टर 'बसतोय तर लावून बघू' म्हणून लावला असता, तर उलटा प्रवाह गेला असता. नवी पिन जोडली. अडॅप्टरवर ९ व्होल्ट छापलेलं आणि मीटर दाखवतोय जवळजवळ १३. भाचा घाबरला. पण जुन्या, आत जड ट्रान्सफॉर्मर असलेल्या अडॅप्टरचं असंच असतं. भार नसला की तो चढा आकडा दाखवतो, काम पडलं की खाली येतो.

लाल दिवा लागला. टीव्हीवर मात्र नुसता राखाडी पडदा आणि त्यावर दोन जाड, काळपट आडवे पट्टे. मला त्या पट्ट्यांचा आनंद झाला, कारण ते पत्ता सांगत होते. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. अडॅप्टर तिला एकाच दिशेने वळवतो, तेव्हा तिचे उंचवटे होतात १००. टीव्हीचा पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवला जातो. म्हणजे प्रत्येक वेळी दोन उंचवटे वाट्याला, म्हणून दोन पट्टे. हे उंचवटे सपाट करण्याचं काम ज्या कपॅसिटरचं, तोच संपला असणार.

अडॅप्टर भिंतीतून काढला आणि मगच पाच स्क्रू सोडवले. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर, पत्र्याच्या तुकड्यावर बसवलेला. तो ५ व्होल्ट पुढे पाठवतो आणि उरलेले उष्णता करून टाकतो. गेम तासाभरात गरम का व्हायचा, याचं उत्तर तिथे होतं. त्याच्या शेजारीच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, डोकं फुगलेला. या कपॅसिटरच्या आत एक ओलसर द्रव असतो. पत्र्याखालच्या उन्हात वर्षानुवर्षं, एकदाही वीज न मिळता, तो सुकून गेला होता. वायर आमच्या हाताने मोडली होती. याला मोडायला कुणाचा हात लागला नव्हता, हेच त्याचं दुखणं.

संध्याकाळी पैठण गेटच्या बाजूला स्पेअर पार्टच्या एका दुकानात गेलो. जुना कपॅसिटर काउंटरवर ठेवला. दुकानदाराने त्यावरचा १६ व्होल्टचा आकडा वाचला आणि म्हणाला, "सोला का मत डालो भाई, पच्चीस का ले जाओ." बरोबर होतं त्याचं. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवायचे, व्होल्ट सहन करायची ताकद जास्त घेतली तर बिघडत नाही. कपॅसिटरपेक्षा रिक्षाला जास्त पैसे गेले. कपॅसिटरच्या अंगावरचा पट्टा म्हणजे वजाची बाजू. ती बोर्डावरच्या खुणेशी जुळवून डाग दिला. पट्टे गेले. पडदा स्वच्छ राखाडी झाला आणि तसाच राहिला.

आता पाळी कॅसेटची. भाच्याने ती उचलली आणि काही न शिकवता तोंडाशी नेऊन जोरात फुंकर मारली. ही विद्या त्याला कुठून आली देव जाणे. आम्हीही हेच करायचो आणि गेम सुरू झाला की श्रेय फुंकरीला द्यायचो. खरं काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा घालण्यात; त्या घासण्याने पिनांवरचा थर निघायचा. फुंकरीतली वाफ मात्र तांब्यावर बसून राहायची. आमच्या कॅसेटच्या पिना, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०, काळ्याहिरव्या पडल्या होत्या. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुसल्या, वाळू दिल्या. कॅसेट बसवली आणि '९९९९ इन १'ची यादी पडद्यावर आली. तेच मोजके खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हापुन्हा, हे आम्हाला तेव्हाही कळलं होतं आणि तरी आम्ही यादी शेवटपर्यंत बघायचो.

झाकण लावण्याआधी भाच्याला बोर्डाच्या मधोमध असलेला काळा, डांबरासारखा थेंब दाखवला. मूळ फॅमिकॉममध्ये प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप अशा दोन वेगळ्या चिपा होत्या. स्वस्त नकलांनी सगळं एका तुकड्यावर आणून त्यावर राळ ओतली. चालू कामासाठी प्रोसेसरकडे स्मृती असते फक्त २ किलोबाइट, मोबाइलमधल्या एका फोटोच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. तो थेंब बिघडला असता तर सगळं संपलं होतं, कारण त्याच्या आत हात घालता येत नाही. पण तिथे कधी कुणाचा हात पोचलाच नाही, म्हणून तो शाबूत.

गेमबरोबरची बंदूक मात्र चालली नाही. तीही बिघडलेली नव्हती. 'डक हंट'मध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो उजेड टिपते. तिचा सगळा हिशेब जुन्या, काचेच्या पोटाच्या टीव्हीचा. नवा सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात तिची वेळ टळून जाते.

मग 'मारिओ' लावला. मारिओ पळत होता, पण उडी मारत नव्हता. पहिला रिमोट उघडला. बटणांखालच्या रबराला कार्बनच्या काळ्या टिकल्या असतात. बटण दाबलं की टिकली बोर्डावरच्या दोन रेघा जोडते. उडीच्या 'ए' बटणाची टिकली झिजून चकचकीत झाली होती. दुसरा रिमोट उघडला तर सगळ्या टिकल्या कोऱ्या. रबरांची अदलाबदल केली आणि मारिओ उडाला.

मुलाला न्यायला बहीण आली तेव्हा मी तिला हे कौतुकाने सांगितलं. तिने दोन्ही रिमोट हातात घेऊन पाहिले.

"दुसरा माझा होता ना दादा?"

"हो."

"कोराच राहणार. मारिओत पहिला मेल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही. आणि तू मेलास की रीसेट दाबायचास."

मी आईकडे पाहिलं. आई भाजी निवडत होती.

बहिणीने पर्स खाली ठेवली, पहिला रिमोट घेतला आणि सतरंजीवर मुलाच्या शेजारी बसली. मला दुसरा मिळाला, माझ्याच अंगठ्याने झिजवलेल्या रबराचा. मुलगा आईला म्हणत होता, कुठे उडी मार, कुठे थांब. ती पडद्यावरून नजर हलवत नव्हती आणि मरतही नव्हती. रबर किती झिजलंय हे कळायला आधी पाळी यावी लागते. मी वाट बघत बसलो.