न्यूट्रलमधला घात

मुंबई-कोलकाता महामार्ग आमच्या भंडारा जिल्ह्याच्या पोटातून जातो. पूर्वी त्याला ६ नंबर म्हणत, आता तो ५३ झाला. नंबर बदलला तरी एक दृश्य कायम आहे: पुढे एक ट्रक आणि मागे दोराला किंवा लोखंडी दांड्याला बांधलेला दुसरा, बंद पडलेला. ड्रायव्हर मंडळी याला ‘टोचन’ म्हणतात. मागचा ड्रायव्हर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो आणि निर्धास्त होतो. इंजिन बंद, गिअर मोकळा. मग बिघडणार काय?

बिघडतो तो गिअरबॉक्स. साकोलीहून नागपूरपर्यंत असाच ओढत आणलेला एक ट्रक गॅरेजात उघडताना मी पाहिला. मूळ दुखणे डिझेल पंपाचे. पण गिअरबॉक्स खोलला तेव्हा जळक्या तेलाचा भपकारा आला, आतली बेअरिंगे निळी-काळी पडलेली. मालक एकच पालुपद घोळवत होता, “गाडी तर न्यूट्रलमध्येच होती ना भाऊ!” मिस्त्री शांतपणे म्हणाला, “चाकं तर फिरत होती ना मालक.”

सगळी गोम इथेच आहे. ट्रकची मागची चाके फिरली की प्रॉपेलर शाफ्ट फिरतो आणि गिअरबॉक्समधला मेन शाफ्टही फिरतो. त्याच्या खालच्या बाजूला तेलात बुडालेला काउंटर शाफ्ट असतो. तेल उडवून वरच्या भागांना न्हाऊ घालणे हे त्याचे काम, पण तो फिरतो इंजिनाच्या जोरावर. इंजिन बंद म्हणजे तो ठप्प. वरचा शाफ्ट मात्र कोरडाच गरगरत राहतो. पेटीत तेल काठोकाठ असूनही बेअरिंग तहानेने मरते, असा हा प्रकार. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांतही तेच, कारण तेलाचा पंप चालवणारे इंजिनच असते.

गंमत अशी की याच रस्त्यावर, लाखनीजवळच्या गडेगावला, अशोक लेलँडचा कारखाना १९८२पासून आहे आणि तिथे गिअरबॉक्स तयार होतात. म्हणजे जिथे तो जन्मतो, त्याच रस्त्यावर त्याला असे मारायचे!

उपाय अवघड नाही. प्रॉपेलर शाफ्ट सोडवायचा, किंवा मागच्या चाकांतले एक्सल बाहेर ओढायचे. पण रात्री दोन वाजता, शेजारून कंटेनर धडधडत जात असताना, गाडीखाली शिरायचे कुणी? त्यात मालकाचा फोन: “लवकर आण.” क्रेनवाला येतो तोही पुष्कळदा पुढचे तोंड उचलतो आणि मागची चाके रस्त्यावर ठेवतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीला ते चालते. ट्रकला नाही. रस्त्याचे नियम टोचनच्या दोन गाड्यांत पाच मीटरहून जास्त अंतर नको म्हणतात, मागे पाटी लावा म्हणतात. गिअरबॉक्सबद्दल मात्र अवाक्षर नाही.

२०२१ साली राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. उद्या नागझिऱ्याला निघालेले एखादे चाकांवरचे घर साकोलीला बंद पडले, तर त्यालाही हाच दोर बांधला जाईल.

त्या गॅरेजात खर्चाचा आकडा निघाला तेव्हा मालकाने ड्रायव्हरकडे पाहिले. पगारातून कापायची भाषा सुरू झाली. ड्रायव्हर काही बोलला नाही. मिस्त्रीने त्याला बाजूला घेतले आणि हबचे बोल्ट कसे काढायचे, एक्सल ओढल्यावर तेल सांडू नये म्हणून तोंड कसे झाकायचे, ते दाखवत बसला.