दिरहमाचा हिशेब

दुबईस नोकरी लागली की आमच्या गोव्यात पगाराला प्रथम रुपयांच्या भावाने गुणले जाते. एका दिरहमाचे २० रुपयांहून अधिक होतात. म्हणजे ५,००० दिरहमांचे लाखाच्या वर! शिवाय पगारावर तेथे प्राप्तिकर नाही. हा गुणाकार बिनचूक असला तरी अपुरा आहे, असे आम्हांस वाटते. कारण खर्चही दिरहमांतच होतो.

त्यांत घरभाडे सर्वांत जड. ते वर्षाचे ठरते व पुढील तारखांच्या मोजक्या धनादेशांनी द्यावे लागते. म्हणजे पहिला पगार हाती पडण्यापूर्वीच अनामत, दलाली आणि पहिला हप्ता यांची तरतूद हवी. भाड्याच्या ५ टक्के नगरपालिकेचा आकार वीजबिलातून वसूल होतो, तो निराळा. बहुतेक वस्तूंवर २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर आहेच.

एकटा मनुष्य सामायिक खोलीतील एक खाट भाड्याने घेऊन भागवतो. मुंबईत आमचे खलाशी 'कूड' नावाच्या सामायिक बिऱ्हाडांत असेच राहत. कुटुंबाचे तसे नाही. २०१९ च्या नियमाप्रमाणे ४,००० दिरहम पगारावर कुटुंब नेण्याचा परवाना मिळू शकतो. परंतु परवाना मिळणे वेगळे आणि संसार चालणे वेगळे. मुलांस तेथे खासगी शाळेतच घालावे लागते, आणि प्रत्येक मुलामागे फी वाढते. म्हणून कित्येक घरांत आई व मुले गोव्यातच राहतात, आणि वडील रजेपुरते घरी येतात.