प्राध्यापक आला, स्तूप उजेडात आला

बोईसर-तारापूरकडे मुलगा ‘इतिहास घेतो’ म्हणाला, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘पोट भरेल का?’ अशा पालकांना आम्ही डॉ. अनंत सदाशिव आळतेकरांची गोष्ट सांगतो.

कोल्हापूरकडचे आळतेकर वाकाटक-गुप्त काळाचे मोठे अभ्यासक. बनारस हिंदू विद्यापीठात ते ज्येष्ठ प्राध्यापक होते. १९४९ साली पाटणा विद्यापीठाने त्यांना प्राचीन इतिहास विभागाचे प्रमुख म्हणून बोलावून घेतले. पुढे त्यांच्याच देखरेखीखाली वैशालीत उत्खनन झाले आणि १९५८ साली प्राचीन स्तूपातून धातुकरंडक मिळाला. त्यातील अवशेष भगवान बुद्धांचे मानले जातात. योग्य माणूस नेमला, की असे काम उभे राहते!

आपल्या पालघर जिल्ह्यातही सोपाऱ्याचा स्तूप आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो १८८२ साली उकरला. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही तिथलेच.

आज प्रोफेसरपदासाठी पीएच.डी., किमान दहा वर्षांचे अध्यापन आणि दहा शोधनिबंध लागतात. वाट लांब आहे, म्हणून पाली आणि ब्राह्मी लिपीची ओळख लवकर व्हावी. पालकहो, मुलगी इतिहास मागते तर अडवू नका. उद्या निवड समितीपुढे आपल्या वस्तीतलाही अर्ज असला पाहिजे.