पुतण्याचा संगणक आणि आमचा जुना टीव्ही

चाकणच्या कारखान्यांना लागूनच आमचे निघोजे. दिवसपाळी आटोपून घरी आलो, तो पुतण्या हिरमुसून बसलेला. साठवलेल्या पैशांतून त्याने 'रास्पबेरी पाय' हा बँकेच्या कार्डाएवढा संगणक घेतला. पडद्यापुरते पैसे उरले नव्हते. घरात होता पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही. त्याला एचडीएमआय कुठले? पिवळे, पांढरे, लाल अशी तीन भोके तेवढी!

"काका, पिवळ्यात पिवळी लावली, तरी चित्र नाही!"

वायर तपासली. हा संगणक पिनेच्या बुडाकडून चित्र पाठवतो. आमच्या वायरीत त्या जागी लाल टोक जोडलेले. लाल टोक पिवळ्या भोकात खोचले. चित्र उमटले, पण बिनरंगी आणि सारखे वर सरकणारे!

गंमत अशी, की संगणक बोलत होता अमेरिकी एनटीएससी : 525 रेषा. आपल्याकडे 1982 साली टीव्हीला रंग आले ते 'पाल'चे : 625 रेषा. संगणकाच्या फायलीत 'एसडीटीव्ही मोड'पुढे 2 लिहिले आणि चित्र रंगासकट स्थिरावले.

अक्षरे थोडी पुसट दिसतात. ती मोठी करून पोरगा शिकतो आहे. नव्या पडद्याचे बोनस झाल्यावर पाहू.