तेल पिणारी इंजिने : टू-स्ट्रोक आणि रोटरीच्या मालकांचे नेहमीचे प्रश्न

(पिशोर, ता. कन्नड येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय सांगितला तेव्हा एका काकांनी आम्हाला विचारलं, "अहो, ती रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार पिशोरात आहे तरी कोणाकडे?" खरं आहे. आमच्या माहितीत कोणाकडेच नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून कॉलेजची पोरं विचारतात, तेवढाच तिचा नि आपला संबंध. पण तिच्या खोडी ऐकल्या की आपल्याला ओळखीच्या वाटतात. थंडीत पटकन ओव्हरफ्लो होते, तेल पिते, प्लग काळे करते आणि गरम झाली की रुसते. म्हणजे आपल्या गोठ्याशेजारी उभी असलेली आरएक्स-१००, एम-८०, राजदूत, किंवा भिंतीला टांगलेला फवारणीचा पेट्रोल पंप. म्हणून आज दोन्हींचा विचार एकत्र करू. मुख्य भर आपल्या टू-स्ट्रोकवर, कारण उद्या सकाळी किक तिलाच मारायची आहे.

आमच्या घरची एक गोष्ट आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी मक्यावर लष्करी अळी आली. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती, तेवढ्यातच फवारणी उरकायची होती. घरात पेट्रोलचे दोन कॅन, दोन्ही एकसारखे. एकात मोटारसायकलचं साधं पेट्रोल, दुसऱ्यात तेल मिसळलेलं. घाईत साधं पेट्रोल पंपात गेलं. पंप चालू झाला, आवाजही चांगला होता, उलट रोजच्यापेक्षा धूर कमी. आम्ही खूश. तिसऱ्या टाकीला आवाज चढला, बारीक झाला आणि पंप जागेवर बसला. दोरी ओढली तर हलेना. पिस्टन जाम. उघडीप गेली, पाऊस आला आणि अळीने काय करायचं ते केलं. चूक कंपनीची नव्हती, मेकॅनिकचीही नव्हती. आमचीच होती.

तेल मुळात का लागतं?

फोर-स्ट्रोक गाडीत, म्हणजे आजच्या कोणत्याही नव्या मोटारसायकलीत, इंजिनाच्या तळाशी तेल साठवलेलं असतं. तेच तेल फिरून फिरून वापरलं जातं. टू-स्ट्रोकमध्ये ती सोय नाही. तिथे ताजं पेट्रोल आणि हवा आधी पिस्टनच्या खालच्या खोलीत येते आणि तिथून वर जाते. ती खोली पेट्रोलच्या वाटेवर आहे, त्यामुळे तिथे तेल साठवता येत नाही. मग तेल पेट्रोलमधूनच पाठवावं लागतं. जाता जाता ते बेअरिंगला, पिस्टनला लागतं आणि शेवटी जळून जातं. म्हणून टू-स्ट्रोकने तेल जाळणं हा बिघाड नाही. ते न मिळणं हा बिघाड आहे.

आता रोटरी. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांनी ही कल्पना मांडली, एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये पहिलं नमुना इंजिन चाललं आणि जपानच्या माझदाने ती चिकाटीने पुढे नेली. १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट, १९७८ मध्ये आरएक्स-७, २००३ मध्ये आरएक्स-८. १९९१ मध्ये ले मान्सची चोवीस तासांची शर्यत माझदाने याच इंजिनावर जिंकली. यात वर-खाली जाणारा पिस्टनच नाही. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल डब्यात तीन कोपऱ्यांचा रोटर फिरतो. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा मधला शाफ्ट तीन फेरे मारतो. व्हॉल्व्ह नाहीत. आपल्या टू-स्ट्रोकसारखीच फक्त भोकं, फिरणारा भाग ती उघडतो नि झाकतो. रोटरच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक पट्टी असते, तिला अपेक्स सील म्हणतात. ती पट्टी डब्याच्या भिंतीला सतत घासत जाते. तिला ओलं ठेवायला एक छोटा पंप मुद्दाम थोडं तेल आत सोडतो आणि ते जळतं. म्हणजे या गाडीला खाली तेलाचा साठाही आहे आणि तेल जाळण्याची सवयही आहे.

म्हणून रोटरीवाल्याला पहिला नियम सांगतात : दर दोन टाक्यांना एकदा तरी तेलाची पट्टी काढून बघ. "मागच्या सर्व्हिसिंगला बघितलं होतं" हे इथे चालत नाही.

पहिला प्रश्न : तेल किती टाकायचं?

यंत्रावर किंवा पुस्तकात जे लिहिलंय ते. साधारण दोन प्रमाणं भेटतात. पन्नासला एक, म्हणजे लिटरला २० मिली. पंचवीसला एक, म्हणजे लिटरला ४० मिली. पाच लिटरच्या कॅनला पहिल्या हिशोबाने १०० मिली, दुसऱ्याने २००. अंदाजाने झाकणभर ओतू नका. माप ठेवा, आणि ते औषधाचं माप नको, वेगळं ठेवा.

तेल टू-टी म्हणून मिळतं तेच घ्या. ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल किंवा सर्व्हिसिंगचं काळं तेल टाकणारे आम्ही पाहिले आहेत. ते तेल जळण्यासाठी केलेलंच नसतं. त्याची राख प्लगवर, पिस्टनवर आणि सायलेन्सरमध्ये बसते. जास्त तेल टाकल्याने इंजिन जास्त जगतं हाही गैरसमज. कार्बन वाढतो, प्लग मरतो. आरएक्स-१०० ला तेलाची वेगळी टाकी आणि पंप आहे, तिथे पेट्रोलमध्ये मिसळायचं नसतं. पण ती टाकी रिकामी नाही ना, हे बघायचं असतं.

दुसरा प्रश्न : किका मारून पाय दुखला, गाडी सुरू होत नाही.

आधी प्लग काढा. प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय, कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचतच नाही. या एका तपासणीने अर्धं काम होतं.

ओला असेल तर पेट्रोल कॉक बंद करा, चोक बंद, स्विच बंद. प्लग बाहेर ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण पिळा आणि आठ-दहा किका मारा. आत साचलेलं बाहेर उडेल, म्हणून जवळ विडी-काडी नको. प्लग पुसून, वाळवून लावा आणि पुन्हा सुरू करा.

कोरडा असेल तर टाकीपासून खाली या : झाकणाचं हवेचं छिद्र, कॉक, पाइप, कार्बोरेटरचा जेट. जुन्या स्कूटरवाल्यांना आठवत असेल, गाडी एका अंगावर कलती करायची आणि मग किक. टाकीत पेट्रोल तळाला असेल तर तो उपाय बरोबर होता. टाकी भरलेली असताना तेच केलं की ओव्हरफ्लो.

रोटरीतही हाच घोळ होतो. थंड गाडी सुरू केली, अंगणातून दहा फूट पुढे घेतली आणि लगेच बंद केली, तर दुसऱ्या दिवशी ती सुरू व्हायला तयार नसते. आत कच्चं पेट्रोल राहतं, ते भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, मग सील धरत नाहीत आणि दाब तयार होत नाही. म्हणून सुरू केली की नीट गरम होऊ द्यायची, मगच बंद. ओव्हरफ्लो झालीच तर आरएक्स-८ मध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारतात. तेव्हा इंजेक्टर बंद राहतात आणि आतलं पेट्रोल निघून जातं. आपल्या किकेचीच मोठी बहीण.

तिसरा प्रश्न : प्लगचा रंग काय सांगतो?

विटकरी-तपकिरी असेल तर समाधान माना. काळा आणि काजळीसारखा कोरडा असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर आधी बघा. काळा आणि तेलकट असेल तर तेल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढरा, भाजल्यासारखा असेल तर थांबा. इंजिन उपाशी आणि तापलेलं आहे. त्या अवस्थेत घाट चढलात तर पिस्टन जाम होण्याची तयारी ठेवा.

चौथा प्रश्न : सपाटीला चालते, चढाला दम तोडते.

औट्रम घाट चढणाऱ्यांचा हा प्रश्न. नव्वद टक्के लोक थेट बोअर-पिस्टनवर येतात. आमचं म्हणणं, आधी सायलेन्सर बघा. टू-स्ट्रोकचं जळालेलं तेल सायलेन्सरमध्ये आणि धूर बाहेर पडायच्या भोकात थरावर थर बसतं. धूर निघायला वाट नसेल तर ताजी हवा आत येणार कुठून? सायलेन्सर उतरवून आतली जाळी साफ केली, भोकातला कार्बन लाकडाच्या पट्टीने खरवडला की पुष्कळदा गाडी पुन्हा पळते. लोखंडी पट्टी वापरू नका, पिस्टनवर ओरखडे पडतात. एवढं करूनही दम नसेल आणि किक हाताने दाबली तरी खाली जात असेल, तर कॉम्प्रेशन गेलंय. मग बोअरचं काम.

रोटरीत याची खूण वेगळी. थंडीत पटकन सुरू होते, पण गरम असताना बंद केली की पुन्हा घेत नाही. मग सीलवर संशय घ्यायचा. तिचं कॉम्प्रेशन साध्या गेजने कळत नाही. रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा मोजणारं यंत्र लागतं. जुनी रोटरी विकत घेणाऱ्याने रंग बघण्याआधी तो कागद मागावा.

पाचवा प्रश्न : गाडी आपोआप रेस होते.

ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज उतरत नाही, म्हणजे एक तर केबल अडकली किंवा कुठून तरी चोरटी हवा जाते : कार्बोरेटरचं रबर, गॅस्केट किंवा क्रँकचं ऑइल सील. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, कारण तेल त्यातूनच येतं. दुसरी खूण : पांढरा धूर अचानक वाढला आणि गिअरबॉक्सचं तेल घटलं. मग गिअरच्या बाजूचं सील फाटलंय आणि इंजिन गिअरचं तेल ओढून घेतंय.

सहावा प्रश्न : चालता चालता जाम झाली तर?

आधी आवाज बदलतो, गाडी मागून कोणी धरल्यासारखी ओढते. त्याच क्षणी क्लच दाबा, नाहीतर मागचं चाक लॉक होऊन तुम्ही पडाल. बाजूला घ्या आणि थंड होऊ द्या. गरम असताना किकेवर नाचू नका आणि इंजिनावर पाणी ओतू नका. थंड झाल्यावर प्लगच्या भोकातून थोडं टू-टी तेल सोडून हलक्या हाताने फिरवून बघा. फिरली तर हळू घरी आणा, पण कारण सापडेपर्यंत तिच्यावर भरवसा ठेवू नका.

घाट उतरताना आणखी एक गोष्ट. कन्नडहून चाळीसगावकडे खाली जाताना आपण ॲक्सिलरेटर बंद करतो, गाडी गिअरमध्ये असते, इंजिन जोरात फिरत असतं. पण पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. म्हणून मधून मधून थोडी रेस द्या. गाडी न्यूट्रलला टाकून उतरू नका. इंजिन वाचेल आणि ब्रेक जातील.

सातवा प्रश्न : हंगाम संपल्यावर काय करायचं?

हा सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न. २०२५ पर्यंत देशभरातल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. अर्धवट भरलेली टाकी चार महिने ठेवली तर पाणी आणि इथेनॉल तळाला बसू शकतं, आणि कार्बोरेटर तळातूनच घेतो. जुने रबरी पाइप फुगतात किंवा कडक होतात. म्हणून शेवटची फवारणी झाली की टाकी रिकामी करा, कॉक बंद करून पंप आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, प्लगच्या भोकात थोडं तेल सोडा, दोरी दोनदा हळू ओढा आणि मगच टांगून ठेवा. मिसळलेलं पेट्रोल लागेल तेवढंच करा. वर्षभर जुना कॅन पुढच्या खरिपाला काढू नका.

शेवटी

एका तरुणाने विचारलं, "मग ही जुनी गाडी ठेवावी की काढावी?" वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, पुढच्याच वर्षी एम-८० आली; आपल्या भागातल्या कित्येकांनी दुधाचे कॅन, भाजी आणि शाळेची पोरं तिच्यावरच नेली. माया असणारच. पण धूरही खरा आहे. टू-स्ट्रोक काही पेट्रोल न जाळताच बाहेर टाकते, म्हणूनच प्रदूषणाच्या नियमांपुढे ती टिकली नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण आणि वेळेवर पीयूसी, हे करून ठेवणार असाल तर ठेवा. नुसती आठवण म्हणून पावसात उभी करून गंजवणार असाल तर ज्याला हौस आहे त्याला द्या.

आणि घरी गेल्यावर एक काम आजच करा. तेल मिसळलेल्या कॅनच्या गळ्याला लाल चिंधी बांधा आणि घरातल्या सगळ्यांना, फवारायला येणाऱ्या माणसालाही, ती दाखवा. आमच्या घरी ती आता आहे. एका हंगामाचा मका गेल्यानंतर बांधली.

आता तुमचे प्रश्न घेऊ.