बिनतारी आणि आमचे माजघर

गेल्या दिवाळीतल्या पाडव्याची गोष्ट. माझा पुतण्या जर्मनीत म्युनिकला नोकरीस असतो. सणाच्या दिवशी आजीला नमस्कार करावा म्हणून त्याने व्हिडिओ कॉल लावला. आई माजघरात देवापाशी बसली होती. ऐंशी उलटल्या, गुडघे साथ देत नाहीत. तिला बाहेर सोप्यात आणण्यापेक्षा मोबाईलच आत नेऊन तिच्या हातात दिला. "आजी, नमस्कार करतो," असे म्हणून पुतण्या वाकला, आणि वाकलेलाच राहिला! चित्र गोठले, आवाज बंद झाला.

आई थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "अरे, त्याला ऊठ म्हणावं. किती वेळ वाकून राहील बिचारा!"

आम्ही सगळे हसलो. आई मात्र हसली नाही. आठ महिन्यांनी नातवाचे तोंड दिसले होते, तेही अर्धेच. "असू दे. फोटोच पाहिला म्हणायचा," असे म्हणून तिने मोबाईल खाली ठेवला आणि समईची वात पुढे सारली. सबंध दिवाळीत ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

आमचे घर वाईतले, आजोबांच्या वेळचे. भिंती दगडमातीच्या, दोन दोन फूट रुंद. इंटरनेटची काचतंतूची तार सोप्यापर्यंत आली आहे. तिथल्या फळीवर वायफायची पेटी बसवली आहे. तिच्या शेजारी आजोबांचा जुना रेडिओ आहे. सोप्यात सिनेमा सुरळीत चालतो. माजघरात आशीर्वादसुद्धा पोचत नाही. तक्रार केली तेव्हा कंपनीचा मनुष्य आला, पेटीवरचे दिवे पाहिले आणि "साहेब, आमच्याकडून स्पीड बरोबर आहे," असे सांगून चालता झाला. त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, मग पैसे आपण फक्त सोप्याचेच भरायचे का?"

मी मराठीचा प्राध्यापक. समास सोडवावा, वृत्त ओळखावे. लहरींच्या शास्त्रात आपली गती नाही. पण आईच्या त्या वाक्याने मला आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांच्या दारी नेले. त्यांच्याकडून आणि थोडेफार वाचून जे कळले, ते वाचकांपुढे ठेवतो.

ढोल आणि झांज

सहकारी म्हणाले, "सर, गणपतीची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असली तर घरात काय ऐकू येतं? ढोल. झांज ऐकू येत नाही. इथंही तसंच आहे."

वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा. त्यात लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. त्यात ती सहा सेंटिमीटरांच्या आसपास येते. पहिला ढोल, दुसरी झांज. झांजेच्या पट्ट्यात जागा मोठी, म्हणून माहिती भराभर जाते. पण भिंत आली की ती दमते. ढोल भिंतीतून थोडाफार पार होतो. पण त्याच्या पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पेट्या, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची भट्टी या सर्वांची गर्दी. आमच्या दोन फुटी दगडापुढे तर दोघांनीही हात टेकले होते.

या उंच स्वराच्या लहरींचा आरंभ आपल्याच देशात झाला, हे मला ठाऊक नव्हते. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरींनी दूर अंतरावर घंटा वाजवून दाखवली. पुढे त्यांनी प्रयोगशाळेत अवघ्या पाच मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम केले. सव्वाशे वर्षांनंतर आज ५जीच्या अतिवेगवान सेवेसाठी जग त्याच मिलिमीटरच्या मुलखात शिरत आहे. भारतात २०२२ च्या लिलावात विकला गेलेला २६ गिगाहर्ट्झचा पट्टा त्याच जातीचा.

कल्याणचे आकाश

वायफायच्या जन्मकथेचा दुसरा धागा तर कल्याणशी जुळतो. घरात लहरी सरळ जात नाहीत. भिंतीवर, आरशावर, लोखंडी कपाटावर आपटून परततात. एकच अक्षर चार वाटांनी चार वेळा पोचते आणि सगळा मजकूर फिसकटतो. घुमणाऱ्या सभामंडपात कीर्तनकार भरभर बोलू लागला तर जे होते तेच. उपाय एकच, सावकाश बोलणे. पण मग वेग कसा मिळायचा? ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतील जॉन ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक रीत बांधली. माहितीचे अनेक तुकडे करावेत आणि वेगवेगळ्या स्वरांत, प्रत्येक तुकडा सावकाश, पण सर्व एकाच वेळी पाठवावेत. या रीतीला १९९६ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. हे गृहस्थ मूळचे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ. फुटणाऱ्या कृष्णविवरांचे क्षीण सूर शोधण्यात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली होती. ते सूर सापडले नाहीत. पण गोंगाटातून सूर वेगळा काढण्याची ती विद्या घराघरांत कामी आली.

याच संस्थेत १९५०च्या दशकात आपले गोविंद स्वरूप शिकले. सिडनीजवळ वापरून झालेल्या तबकड्या त्यांच्या खटपटीने भारतात आल्या आणि १९६५ साली कल्याणला ३२ तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्याच वंशात पुढे जुन्नर तालुक्यात खोडदजवळ ३० महाकाय तबकड्यांची जीएमआरटी झाली. नारायणगावावरून जाताना त्या तबकड्या पाहून मी नेहमी म्हणे, "यांचा आपल्या संसाराशी काय संबंध?" आता म्हणत नाही.

परवान्याची वही

आजोबांच्या रेडिओबरोबर एक जुनी वही आमच्याकडे आहे. ती रेडिओच्या परवान्याची. त्या काळी रेडिओ नुसता ऐकायचा तरी पोस्टात दरसाल शुल्क भरावे लागे. ही पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली. आजचे वायफाय तर ऐकते आणि बोलतेही. तरी त्याला परवाना नाही. हे सहजासहजी घडले नाही. १९८५ साली अमेरिकी सरकारने काही पट्टे विनापरवाना वापरास मोकळे केले. तेव्हा ते पट्टे भट्ट्यांसारख्या यंत्रांसाठी सोडलेले, जवळजवळ टाकाऊच मानले जात. त्या पडीक जमिनीवर १९९७ साली वायफायचे पहिले मानक उभे राहिले. १९९९ मध्ये त्याचे बारसे झाले. व्याकरणाच्या माणसाला गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे 'वायफाय' या नावाला अर्थच नाही! एका जाहिरातकुशल कंपनीने कानाला गोड लागेल म्हणून ते घडवले. आपला 'बिनतारी' हा शब्द किती सार्थ होता!

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, ते टेलिफोनच्या तारेवरून. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली मोकळा झाला, तर ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ साली. अमेरिकेने २०२० मध्ये ६ गिगाहर्ट्झचा पट्टा खुला केला. आपल्या सरकारने त्याचा खालचा ५०० मेगाहर्ट्झचा भाग घरातल्या वापरासाठी खुला करण्याचा मसुदा २०२५ च्या मे महिन्यात मांडला. गायरान जितके मोठे, तितकी गरिबाची गाय जगते. लहरींचेही तसेच आहे.

उद्याचे घर

मग उद्या काय? एक तर वेगाची शर्यत आता स्थिरतेकडे वळते आहे. २०२४ पासून प्रमाणपत्र मिळू लागलेले सातव्या पिढीचे वायफाय एकाच वेळी दोन पट्ट्यांतून बोलू शकते. एक वाट अडली तर दुसरी असते. आठव्या पिढीचे मानक घडते आहे. त्यात वेग वाढवण्यापेक्षा संवाद तुटू नये यावर भर आहे. म्हणजे माझ्या आईची तक्रार शास्त्रज्ञांच्या कानी पोचली म्हणायची!

दुसरी गोष्ट जरा विचारात पाडणारी. खोलीत माणूस हलला की लहरींचा पसारा बदलतो. त्यावरून कोण हलले, कोण पडले, हे ओळखण्याच्या तंत्राचे मानकही २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. एकटी वृद्ध आई न्हाणीघरात पडली तर मुलाला कळेल, हा त्याचा उपकार. पण जी पेटी पडणे ओळखते, ती येणेजाणेही ओळखते. ती माहिती कोणाच्या हाती जावी, याचा निर्णय घरमालकाने करावा, कंपनीने नव्हे, इतके तरी कायद्याने ठरले पाहिजे.

आणि तिसरी वाट आकाशातली. पूर्वीचे दळणवळणाचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर. तिथे प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागे. नवे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळे बोलणे तुटक वाटत नाही. स्टारलिंकला भारतात त्यासाठीचा परवाना २०२५ मध्ये मिळाला.

डोंगरावरचा तास

इथवर लिहून मी थांबलो असतो, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही मोबाईलवर तास घेत होतो. कोयनेच्या खोऱ्यातली एक मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या तासाला नेहमी वाऱ्याचा घोंघावा येई. मला वाटे, ही कुठे भटकत असते? तोंडी परीक्षेच्या दिवशी दुसऱ्याच प्रश्नाला तिचा आवाज तुटला. मी तीनदा हाक मारली आणि तिच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहून पुढचे नाव पुकारले.

महाविद्यालय उघडल्यावर ती भेटली. गावात रेंज नव्हती. अर्धा तास चढून ती पठारावर जाई आणि पावसात छत्री धरून माझे तास ऐके. परीक्षेच्या दिवशी धुके उतरले, पाऊस वाढला, आणि मोबाईल भिजून बंद पडला. "सर, उत्तर येत होतं मला," एवढेच ती म्हणाली. गुणपत्रके तोवर पुढे गेली होती. मी अर्ज केला, खेटे घातले. उपयोग झाला नाही. तिचे ते वर्ष माझ्या एका शब्दाने वाया गेले. कंपनीचा तो मनुष्य दिवे पाहून निघून गेला म्हणून मी चिडतो. मी तरी त्या दिवशी वेगळे काय केले?

तिच्या गावात रेंज का नव्हती, हेही मग शोधले. मनोऱ्याला वीज लागते, आणि मनोऱ्यापर्यंत माहिती नेणारी तार लागते. बिनतारी असते ती शेवटची मजल. मागे सगळा संसार तारेचाच. गावोगाव काचतंतू नेण्याची सरकारी योजना २०११ साली मंजूर झाली. 'भारतनेट' हे नाव तिला पुढे मिळाले. पण ग्रामपंचायतीपर्यंत आलेली तार वाडीवस्तीवर नेणार कोण? मुंबईच्या आयआयटीतील अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यात खामलोली व आसपासच्या गावांत यावर प्रयोग केला. दूरदर्शनसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरी त्यांनी वापरल्या. या लहरी ढोलाहूनही खालच्या स्वराच्या. झाडीझुडपांतून दूरवर जाणाऱ्या. वेग बेताचा, पण एक तास ऐकायला पुरेसा. असा खालचा स्वर डोंगरी मुलखासाठी खुला ठेवणे हे सरकारचे काम आहे, आणि ते मागणे आपले.

आमच्या माजघराचा प्रश्न सुटला. वायरमनने सोप्यातून कडीपाटाच्या कडेने एक तार आत आणली आणि कोनाड्यात दुसरी छोटी पेटी बसवली. उद्याच्या घरांतही असेच होणार आहे: खोलीगणिक एक लहान पेटी, आणि तिच्यामागे तार. बिनतारीचे भविष्य तारेवर टांगलेले आहे, हे म्हणणे विनोदी वाटेल, पण खरे आहे. पंधरा दिवसांनी पुतण्याचा फोन आला. तो वाकला आणि उठलाही. आई म्हणाली, "वाळलास रे!"

जूनमध्ये वर्ग सुरू झाले की हल्ली मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर एक यादी करतो: कोणाच्या घरी रेंज आहे, कोणाच्या नाही. यंदा साठांपैकी सात जणांनी 'नाही' म्हणून हात वर केला. त्यांच्या तोंडी परीक्षा मी समोर बसवूनच घेतो.