बारमधल्या भांडणात गेलेला गायक आणि बोलणारा ढोल: 'आयिन्ला' सिनेमा का पाहावा?

६ मे १९८०. नैऋत्य नायजेरियातलं अबेओकुटा शहर. एका बारमध्ये लोकप्रिय गायक आयिन्ला ओमोवुरा आणि त्यांच्या माजी मॅनेजरमध्ये एका मोटारसायकलवरून वाद झाला. वादाचं भांडण झालं, डोक्यात बिअरचा मग बसला आणि चाळिशीतल्या या गायकाचा जीव गेला.

४१ वर्षांनी, जून २०२१ मध्ये, त्यांच्यावरचा 'आयिन्ला' हा सिनेमा नायजेरियात प्रदर्शित झाला. पुढे तो नेटफ्लिक्सवरही आला. दिग्दर्शक टुंडे केलानी यांचं बालपण याच अबेओकुटात गेलं आहे. आयिन्लांची भूमिका लतीफ अदेदीमेजी यांनी केली आहे.

कोण होते आयिन्ला?

ते योरुबा समाजातल्या 'आपाला' या संगीतप्रकाराचे गायक. आपाला योरुबा मुस्लिमांमध्ये रुजलं. रमजानमध्ये रोजेदारांना जागं करण्याच्या परंपरेशी त्याचं नातं सांगितलं जातं. गिटार नाही, कीबोर्ड नाही. मुख्य भर ढोल, मण्यांनी गुंफलेला भोपळ्याचा शेकेरे, घंटा आणि आवाज यांवर.

हारुणा इशोला हे आपालातलं त्याआधीचं मोठं नाव. त्यांची गायकी संथ, भारदस्त. आयिन्लांनी त्याच संगीताला वेग दिला, रस्त्यावरची भाषा दिली. १ जानेवारी १९७३ ला नायजेरियात पौंड जाऊन नायरा हे चलन आलं. त्यावरही त्यांचं गाणं होतं, त्याच वर्षीच्या जनगणनेवरही होतं. रोज पेपर न वाचणाऱ्यांपर्यंत सरकारी निर्णय अशा गाण्यांतून पोहोचायचे. सोबत प्रतिस्पर्ध्यांना सणसणीत टोमणेही असायचे!

ढोल 'बोलतो' म्हणजे काय?

योरुबा ही सुरांची भाषा आहे. खालचा, मधला आणि वरचा अशा तीन सुरांवर शब्दाचा अर्थ ठरतो. 'ओको' हा एकच शब्द घ्या. सूर बदलला की त्याचा अर्थ नवरा, कुदळ किंवा गाडी असा बदलतो.

बोलक्या ढोलाचा आकार डमरूसारखा असतो. दोन्ही तोंडांची कातडी दोऱ्यांनी जोडलेली असते. ढोल काखेत धरून दोऱ्या दाबल्या की कातडं ताणलं जातं आणि आवाज चढतो. सैल सोडल्या की उतरतो. अशा चढ-उतारातून वादक अख्खं वाक्य वाजवतो. नुसत्या सुरांवरून शब्द ओळखणं अवघड, म्हणून तो बऱ्याचदा सगळ्यांना ठाऊक असलेल्या म्हणी आणि स्तुतीची वाक्यं वाजवतो.

आयिन्लांचे मुख्य ढोलवादक अदेवोले ओनिलुओला त्यामुळे केवळ साथीदार नव्हते. गायक एक ओळ म्हणायचा, ढोल त्यावर बोलायचा आणि श्रोत्यांना दोघांचंही कळायचं.

सिनेमात वेगळं काय आहे?

बायोपिक म्हटलं की नायकाला देव्हाऱ्यात बसवण्याची सवय आपल्याला झालीय. इथे तसं होत नाही. सिनेमातले आयिन्ला तापट आहेत, नशा करतात, बायकांच्या बाबतीत बेपर्वा आहेत आणि जवळच्या माणसांना दुखावतात. लंडनला जाऊन कार्यक्रम करण्याचं स्वप्न समोर असताना हाच स्वभाव त्यांच्या आड येतो. कलाकार मोठा होता म्हणून माणसाला माफी नाही आणि माणूस चुकला म्हणून गाणं खोटं ठरत नाही. सिनेमा या दोन्ही गोष्टी एकत्र समोर ठेवतो.

आयिन्लांची गाणी ईएमआयच्या रेकॉर्ड्सवर टिकली. पण पंचविशीतल्या प्रेक्षकासाठी ती आजोबांच्या काळातली. त्या पिढीला आयिन्लांचा चेहरा, कपडे, चाल आणि रुबाब या सिनेमाने दाखवला.

पाहताना एक करा. सबटायटल गायकाचे शब्द सांगतात, ढोलाचे सगळे शब्द सांगत नाहीत. त्यामुळे गाणं सुरू झालं की क्षणभर खालच्या ओळी सोडा आणि ढोलाचा आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो ते ऐका. अर्थ कळणार नाही कदाचित, पण कुणीतरी बोलतंय हे नक्की कळेल.